एका कॉम्प्युटरवर काम आणि गेम: दोन चुली, दोन ओटे

प्रश्न विचारणारे सांगलीजवळ राहतात आणि पुण्याच्या एका कंपनीसाठी घरून काम करतात. कॉम्प्युटर तीन वर्षांपूर्वी जुळवून घेतलेला: रायझन ५ ५६००, बी५५० चा मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, आरटीएक्स ३०६०, ५०० जीबीची एनव्हीएमई डिस्क, तिच्यावर विंडोज ११, आणि जुनी १ टीबीची हार्ड डिस्क. दिवसा पायथन आणि डॉकर ही प्रोग्रॅमिंगची साधनं, रात्री मित्रांबरोबर व्हॅलोरंट आणि जीटीए. नववीतला मुलगाही त्याच खुर्चीवर बसतो. कामासाठी उबुंटू, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, हवंय. दुकानदार म्हणतो, सी ड्राइव्हमधून १०० जीबी कापतो आणि तिथेच टाकून देतो, तासाभराचं काम आहे. त्यांना विचारायचंय ते एवढंच: जागा किती कापावी, सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना सही नसलेला प्रोग्रॅम अडवणारी सोय) बंद करावं लागेल का, आणि विंडोजच्या अपडेटने उबुंटू उडेल का.

जागा कापूच नका. ५०० जीबीची दुसरी एसएसडी आणा आणि उबुंटू तिच्यावर टाका. एका डिस्कवर दोन सिस्टिम नांदत नाहीत असं नाही. मी कित्येक लॅपटॉपवर नांदवल्या आहेत, पण तिथे दुसरी डिस्क बसवायला खाचच नव्हती. तुमच्या बोर्डावर बहुधा आहे. एका घरात दोन चुली मांडायच्याच असतील तर ओटे वेगळे बांधावेत. एकाच ओट्यावर मांडल्या तर एकीवरचं दूध उतू गेलं की दुसरीही विझते.

दूध उतू जातं ते असं. विंडोज टाकलं की डिस्कच्या सुरुवातीला एक छोटं पार्टिशन तयार होतं, ईएफआय सिस्टिम पार्टिशन. साधारण १०० एमबीचं, फॅट३२ मध्ये. बटण दाबल्यावर मदरबोर्ड तिथे ठेवलेला बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम, उचलतो आणि पुढचं सगळं त्याच्या हवाली करतो. एका डिस्कवर दोन सिस्टिम टाकल्या की दोघांचे बूटलोडर या एकाच खोलीत राहायला येतात. एरवी भांडत नाहीत. पण सहा महिन्यांनी विंडोज अडखळायला लागलं, कुणीतरी फॉरमॅट मारायला बसलं आणि 'सगळी पार्टिशन उडवून नव्याने टाकू' म्हणालं, की उबुंटू विनाकारण बेघर. दुकानात फॉरमॅटला आलेल्या मशीनवर दुसरी सिस्टिम आहे का, हे क्वचितच कुणी पाहतं.

नुसत्या दोन डिस्क घेतल्या म्हणजे भागलं असंही नाही, हे मी स्वतः चुकून शिकलो. नऊ-दहा वर्षांपूर्वी मेहुण्याला दोन डिस्कवर दोन सिस्टिम बसवून दिल्या. उबुंटू टाकताना विंडोजची डिस्क जागेवरच होती. उबुंटूच्या तेव्हाच्या इन्स्टॉलरला एक खोड होती: बूटलोडर कुठे टाकायचा ते तुम्ही निवडून दिलं तरी तो आधी सापडलेल्या ईएफआय पार्टिशनमध्ये जाऊन बसायचा. संसार दुसऱ्या डिस्कवर आणि दाराची किल्ली पहिल्या डिस्कवर. दोन वर्षांनी मेहुण्याने विंडोजची डिस्क काढून पुतण्याला दिली. रात्री साडेदहाला फोन: "दाजी, सुरूच होत नाही. सारखं ते बायोसचं पानच उघडतंय." बायोस म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगचं पान. डेटा सगळा शाबूत होता, फक्त दार दुसऱ्याच्या घरी गेलं होतं. पेनड्राइव्हवरून उबुंटू चालू करून, फोनवर एकेक अक्षर सांगत बूटलोडर पुन्हा टाकला. दीड तास. विंडोजचा इन्स्टॉलरही याच वळणाचा आहे: दुसऱ्या डिस्कवर आधीचं ईएफआय पार्टिशन दिसलं तर पुष्कळदा आपलं सामान तिथेच टाकतो. तेव्हापासून नवी सिस्टिम टाकताना जुनी डिस्क मी बोर्डावरून काढूनच ठेवतो. इन्स्टॉलरला दिसतच नाही त्या डिस्कवर तो काही लिहू शकत नाही.

आता तुम्ही न विचारलेला प्रश्न. खरंच दोन सिस्टिम हव्यात का? विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय आहे, डब्ल्यूएसएल. पायथन आणि डॉकर त्यात व्यवस्थित चालतात, मशीन बंद-चालू करावं लागत नाही. कुणी मला 'लिनक्स शिकायचंय' म्हणालं तर मी आधी तेच टाकून देतो. पण त्याचा दुसऱ्या पिढीचा अवतार मुळात एक आभासी मशीन आहे, आणि वेगळी मर्यादा घातली नाही तर ते निम्मी रॅम खाऊ शकतं. तुमच्या १६ जीबीत विंडोज, ब्राउझरच्या तीस टॅब आणि डॉकर म्हटल्यावर दाटीवाटी होणारच.

तरी रॅम ही अडचण पैसे टाकून सुटते. तुमच्या घरी दोन सिस्टिम कराव्यात असं मी म्हणतो ते मुलामुळे. नववीतला मुलगा गेमचे मोड उतरवणार, मित्राने पाठवलेली फाइल चालवून पाहणार, 'फ्री स्किन' लिहिलेल्या बटणावर एकदा तरी क्लिक करणार. त्यात त्याचा दोष नाही, ते वयच तसं आहे. त्याच विंडोजमध्ये कंपनीच्या सर्व्हरच्या किल्ल्या आणि ग्राहकाचा कोड असेल तर ते धोक्याचं. तुम्ही वेगळेपणा मागता आहात, मग तो पुरता घ्या. उबुंटूची डिस्क टाकतानाच एनक्रिप्ट करा, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी करा, नाहीतर विंडोजमध्ये शिरलेला व्हायरस शेजारची डिस्क वाचू शकतो. एनक्रिप्ट केलेली डिस्क त्याला वाचता येत नाही. पुसता मात्र येते, म्हणून बॅकअप घरातल्या तिसऱ्याच जागी. आणि कंपनीने तिचा लॅपटॉप देऊ केला तर तो घ्या आणि पुढचं काही वाचू नका.

याची किंमतही सांगतो. रोज संध्याकाळी उघडलेली टर्मिनल, अर्धवट लिहिलेला कोड, सगळं बंद करून मशीन पुन्हा सुरू करावं लागतं. दोन मिनिटांचं काम, पण कंटाळ्याचं. दहाला मित्र वाट पाहत असतात आणि तेवढ्यात ऑफिसचा मेसेज येतो. ही ओढाताण काहींना झेपत नाही आणि महिन्याभरात सगळं एकाच बाजूला येतं. असं झालं तर वाईट वाटून घेऊ नका, डिस्क कशालाही वापरता येते.

सिक्युअर बूट. बंद करू नका. युट्यूबवरच्या जुन्या व्हिडिओंमध्ये पहिली पायरीच 'आधी सिक्युअर बूट डिसेबल करा' अशी असते, आणि एके काळी ते बरोबरही होतं. आज तुमच्या गेमलाच ते चालत नाही. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड विंडोजच्या गाभ्यापर्यंत उतरून चीटिंगवर नजर ठेवतं, आणि विंडोज ११ वर त्याला टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप) आणि सिक्युअर बूट दोन्ही चालू लागतात. नसले तर व्हॅन ९००१ किंवा ९००३ असा आकडा दाखवून गेम दारातच अडवतो. सुदैवाने उबुंटूचा पहिला बूटलोडर मायक्रोसॉफ्टच्या सहीचा असतो, त्यामुळे सिक्युअर बूट चालू ठेवूनच तो टाकता येतो. फेडोराचंही तसंच. आर्च किंवा पॉप ओएस टाकायचं मनात असेल तर सह्यांची खटपट तुमच्या गळ्यात पडते. रोजीरोटीच्या मशीनवर ती हौस नको. उबुंटूची एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ आधाराची, आवृत्ती घ्या, २४.०४ ला २०२९ पर्यंत पाच वर्षांचा आधार आहे.

व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही, आभासी मशीनमध्येही चालत नाही, म्हणून विंडोज ठेवणं भाग आहे. तुम्ही फक्त एकट्याने खेळायचे गेम खेळत असता तर मी विंडोजच काढायला सांगितलं असतं. २०१८ मध्ये स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाने विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन आणलं आणि २०२२ मध्ये स्टीम डेक हा लिनक्सवरचा हातातला गेमचा कॉम्प्युटर, त्यानंतर लिनक्सवर गेम चालवणं खरोखर सोपं झालंय. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ तर मूळचेच लिनक्ससाठीही आहेत. अडतं ते ऑनलाइन गेमच्या पहारेकऱ्यांपाशी, म्हणजे चीटिंग पकडणाऱ्या प्रोग्रॅमांपाशी. फोर्टनाइट चालत नाही. एपेक्स लेजंड्स चालत होता, २०२४ च्या शेवटी बंद केला. जीटीए ५ चा एकट्याने खेळायचा कथेचा भाग अजून चालतो, पण सप्टेंबर २०२४ मध्ये त्यात बॅटलआय हा पहारेकरी आल्यापासून ऑनलाइन भाग लिनक्सवर चालेनासा झाला. बॅटलआय स्वतः लिनक्सवर चालू शकतं. ते चालू करायचं की नाही हे गेम बनवणाऱ्याच्या मर्जीवर. म्हणून 'लिनक्सवर गेम चालतात का' याला एक उत्तर नाही, प्रत्येक गेमचं वेगळं आहे.

आता बसवणं. मी हे काम नेहमी दोन दिवसांत वाटतो. आदल्या रात्री तयारी, दुसऱ्या दिवशी सकाळी लाइट असताना पेचकस.

आदल्या रात्रीचं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे बिटलॉकरची, विंडोजच्या डिस्क-एनक्रिप्शनची, किल्ली. पुष्कळांना आपली डिस्क एनक्रिप्ट झालेली आहे हेच माहीत नसतं. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती नव्याने टाकून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की हे आपोआप चालू होतं, कुणी विचारत नाही. नंतर बायोसमध्ये काही हललं की निळा पडदा येतो आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती खात्याच्या पानावर ठेवलेली असते. त्या खात्याचा पासवर्ड आठवत असेल तर. म्हणून आधी सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत डिव्हाइस एनक्रिप्शन चालू आहे का पाहा. असेल तर की कागदावर उतरवा. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलात तर ठीक, पण कागद हवाच. एका गृहस्थांनी की कॉम्प्युटरच्याच डेस्कटॉपवर एका फाइलमध्ये जपून ठेवलेली मी पाहिलीय.

दुसरं, फास्ट स्टार्टअप बंद करा. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'पॉवर बटणं काय करतात' या पानावर खाली तो चौकोन आहे. हे चालू असताना शटडाउन म्हणजे खरं शटडाउन नसतं. विंडोज आपला गाभा डिस्कवर झोपवून ठेवतं आणि सकाळी तिथूनच उठतं. त्या अवस्थेत उबुंटूमधून विंडोजची डिस्क उघडायला गेलात तर ती नुसती वाचता येते, लिहिता येत नाही. आणि जबरदस्तीने लिहिलंत तर फाइली बिघडतात. गंमत म्हणजे रीस्टार्ट केलं की पूर्ण बंद होतं, शटडाउन केलं की होत नाही. त्यामुळे 'कधी चालतं, कधी चालत नाही' अशी तक्रार येते आणि माणूस भूत शोधत बसतो.

मग पेनड्राइव्ह. उबुंटूची फाइल सहा जीबीच्या आसपास आहे, ८ जीबीचा पुरतो. रुफस या प्रोग्रॅमने बूटेबल करताना जीपीटी आणि यूईएफआय निवडा. बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा: सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू करायची सोय) बंद, सिक्युअर बूट चालू, एफटीपीएम (प्रोसेसरमधलंच टीपीएम) चालू. काही बिघडलं तर आधी कसं होतं हे आठवत बसावं लागत नाही.

सकाळी कॅबिनेट उघडायचं. वायर काढा, पॉवर बटण दोनदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या, लोखंडी सांगाड्याला हात लावा. वरची एम.२ खाच, म्हणजे एसएसडी बसवायची जागा, थेट प्रोसेसरला जोडलेली असते, खालची बहुतेक बी५५० बोर्डांवर चिपसेटमधून जाते आणि थोडी हळू असते. कामाला ती भरपूर वेगवान आहे, विंडोज वरच राहू द्या. एम.२ चा स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढा. तो सुटला की डिस्कचं एक टोक आपोआप वर उचललं जातं, दचकू नका, ती तशीच बसवलेली असते. स्क्रू स्टीलच्या वाटीत ठेवा. मी एकदा शर्टाच्या खिशात ठेवला होता. शर्ट धुण्यात गेला. विंडोजची डिस्क काढून कागदी पाकिटात, वर नाव लिहून. नवी डिस्क खालच्या खाचेत. जुन्या हार्ड डिस्कचीही वायर काढा. काही बोर्डांवर खालची एम.२ वापरली की साटाची (हार्ड डिस्कची वायर लागते ती) दोन पोर्टं मुकी होतात. नंतर हार्ड डिस्क दिसेनाशी झाली तर ती मेली समजू नका, वायर दुसऱ्या पोर्टात लावून पाहा. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

तुमच्याकडे इन्व्हर्टर असेल तर त्याच्यावर बहुधा एक बटण असतं, त्यावर 'यूपीएस' लिहिलेलं. ते त्या बाजूला करा. साध्या मोडमध्ये लाइट गेल्यावर इन्व्हर्टर चालू व्हायला जो क्षण लागतो तेवढ्यात पंखा चालू राहतो, कॉम्प्युटर मात्र बंद पडतो. आणि बंद पडायला सगळ्यात वाईट वेळ म्हणजे डिस्कवर पार्टिशन लिहिलं जात असताना. एकाच डिस्कची जागा कमी करून दुसरी सिस्टिम टाकणाऱ्यांना हे दुप्पट लागू, कारण तिथे चालू संसार बाजूला सरकवला जात असतो.

उबुंटू टाकताना दोनच ठिकाणी थांबून विचार करा, बाकी सगळं 'पुढे' आहे. आता बोर्डावर एकच डिस्क आहे, त्यामुळे 'डिस्क पुसून टाका' हा एरवी छातीत धडकी भरवणारा पर्याय निर्धास्त निवडा. त्याच पानावर ॲडव्हान्स्ड फीचर्समध्ये एनक्रिप्शन आहे, ते घ्या. तिथे दिलेला पासवर्ड रोज सुरू करताना लागेल, आणि तो विसरलात तर ४८ आकडी कुठलीच दुसरी किल्ली नाही. दुसरं ठिकाण म्हणजे 'इतर कंपन्यांचे ड्रायव्हर टाका' हा चौकोन. एनव्हिडियाच्या कार्डासाठी त्यावर टिक करा. सिक्युअर बूट चालू असल्याने तो कदाचित एक पासवर्ड ठरवायला सांगेल. साधा, आठ-दहा अक्षरांचा द्या, एकदाच लागणार आहे.

तो लागतो ती जागा मात्र पुष्कळांची चुकते. पहिल्यांदा रीस्टार्ट झालं की निळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ येते, 'एमओके व्यवस्थापनासाठी कोणतंही बटण दाबा' (एमओके म्हणजे मशीनच्या मालकाने मान्य केलेली किल्ली), आणि दहापासून उलटी मोजणी सुरू होते. माणूस नेमका तेव्हा चहा आणायला गेलेला असतो. दहा सेकंद सरली की पडदा निघून जातो, उबुंटू सुरू होतं, पण एनव्हिडियाचा ड्रायव्हर चढत नाही आणि सगळं धुरकट, अडखळत दिसतं. मग 'लिनक्सला माझं कार्ड चालत नाही' असा निष्कर्ष. खुर्चीतून उठू नका. बटण दाबा, 'एनरोल एमओके', पुढे 'कंटिन्यू', 'येस', मघाचा पासवर्ड, रीबूट. संधी हुकली तर ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला की तो पडदा परत येतो.

उबुंटू दोनदा नीट सुरू झालेलं पाहिलं की मशीन बंद करून विंडोजची डिस्क आणि हार्ड डिस्क परत जागेवर. आता कुठलं सुरू करायचं ते बायोसच्या बूट मेनूतून निवडायचं. असुसच्या बोर्डावर एफ८, एमएसआयच्या एफ११, गिगाबाइटच्या एफ१२. बायोसमध्ये उबुंटू पहिलं ठेवा. सकाळी उठून कामाला बसणारा माणूस डोळे न उघडताच बटण दाबतो. उबुंटूच्या ग्रब या बूटलोडरच्या मेनूत विंडोजचं नाव घालता येतं, पण तुम्ही ते घालू नका. ग्रबच्या वाटेने विंडोज सुरू केलं की बिटलॉकरला कधीकधी वाटतं, दारात कुणी परका आलाय, आणि तो ४८ आकडे मागतो.

पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी छळतील. पहिली, घड्याळ. रात्री आठला विंडोज सुरू केलंत आणि कोपऱ्यात दुपारचे अडीच दिसले तर बोर्डाची बॅटरी बदलायला धावू नका. उबुंटू बोर्डाच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तेच आकडे स्थानिक वेळ म्हणून वाचतं, आणि आपला फरक नेमका साडेपाच तासांचा. वेळ चुकली की वेबसाइटची प्रमाणपत्रं नाकारली जातात, लॉगिन अडतात. भारतात राहणाऱ्याला सोपा उपाय म्हणजे उबुंटूला 'बोर्डावर स्थानिक वेळच ठेव' असं सांगणं. टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएलची एक ओळ पुरते. अमेरिकेत किंवा युरोपात असलेल्यांनी मात्र विंडोजच्या रजिस्ट्रीत, टाइमझोन इन्फर्मेशनखाली, रिअलटाइमइजयुनिव्हर्सल ही नोंद १ करावी. तिकडे वर्षातून दोनदा घड्याळं मागेपुढे होतात, आणि मग दोन्ही सिस्टिम आपापल्या परीने तास सरकवतात.

दुसरी, ब्लूटूथ हेडफोन. विंडोजमध्ये जोडलेला उबुंटूत जोडला की परत विंडोजमध्ये बोलत नाही. हेडफोनच्या लेखी दोन्हीकडे ॲडॉप्टर एकच, पण जोडताना ठरलेली गुप्त किल्ली प्रत्येक सिस्टिमची वेगळी, आणि तो शेवटचीच लक्षात ठेवतो. किल्ली इकडून तिकडे नकलता येते, पण उद्योग किचकट आहे. मी वायरचा हेडफोन घेतला.

तिसरी, 'ही रिकामी डिस्क कसली?' विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये उबुंटूची डिस्क नाव-गाव नसलेली, अनोळखी दिसते. मुलाला एखाद्या गेमला जागा कमी पडली की त्याची नजर तिथेच जाणार. जीटीए एकटाच शंभर जीबीच्या पुढे जागा घेतो. तिथे डिस्कच्या नावावर राइट क्लिक करून तिला ऑफलाइन करून ठेवा. आणि मुलाला विंडोजमध्ये स्वतःचं साधं खातं द्या, ॲडमिनचं नको.

१ टीबीची जुनी हार्ड डिस्क एनटीएफएसमध्येच, म्हणजे विंडोजच्या फाइल-पद्धतीतच, राहू द्या. दोन्हीकडून उघडते, देवाणघेवाणीला बरी. फोटो, पीडीएफ, बिलं तिथे ठेवा. कामाचा कोड तिथे नको, कारण लिनक्सच्या फाइल-परवानग्या एनटीएफएसवर नीट टिकत नाहीत आणि कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट उगाच 'सगळ्या फाइली बदलल्या' म्हणत राहतं. स्टीमची एकच लायब्ररी दोन्हीकडून वापरायचा मोहही टाळा. प्रोटॉन आपल्या फोल्डरमध्ये नावातच अपूर्णविराम (:) असलेल्या जोडण्या तयार करतं, विंडोजच्या फाइल-पद्धतीत ते चिन्ह नावात चालत नाही, आणि गेम काहीही न सांगता उघडायचे थांबतात. मराठी टंकलेखन उबुंटूत इनस्क्रिप्टने लगेच होतं, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडलं की झालं. जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या फाइली असतील तर त्या विंडोजमध्येच उघडा.

राहिला अपडेटचा प्रश्न. वेगळी डिस्क असली की विंडोजचं नेहमीचं अपडेट उबुंटूच्या वाटेला जात नाही. पण शंभर टक्के हमी देता येत नाही, कारण डिस्क दोन असल्या तरी मदरबोर्ड एकच आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटने जुन्या, धोकादायक लिनक्स बूटलोडरांना नाकारणारी यादी बोर्डाच्या स्मृतीतच लिहिली. दोन सिस्टिमच्या मशीनना ती लागू होणार नव्हती, पण दुसरी सिस्टिम ओळखण्यात काही ठिकाणी चूक झाली आणि लोकांच्या पडद्यावर 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' येऊन लिनक्स सुरू होईना. ती यादी डिस्कवर नव्हतीच, त्यामुळे वेगळ्या डिस्कवाल्यांनाही फटका बसू शकत होता. दुरुस्ती मे २०२५ च्या अपडेटमध्ये आली. तोवरचा मार्ग असा होता: सिक्युअर बूट तात्पुरतं बंद, उबुंटूत शिरून ती यादी पुसायची, बूटलोडर अद्ययावत करायचा, सिक्युअर बूट परत चालू. मधल्या काळात विंडोज सुरू केलं तर बिटलॉकरची की मागणार, आणि तेव्हा आदल्या रात्रीचा तो कागद हातात हवा.

अशी वेळ ज्यांच्यावर येते त्यांच्यात महिनोन्‌महिने उबुंटू सुरूच न केलेले पुष्कळ असतात. म्हणून दोन्हीकडची अपडेट पंधरा दिवसांतून एकदा तरी होऊ द्या, विशेषतः आता. सिक्युअर बूटची २०११ सालची मूळ प्रमाणपत्रं जून २०२६ पासून मुदत संपण्याच्या टप्प्यात आली आहेत. मुदत संपली म्हणून आधी सही झालेला बूटलोडर त्या रात्री बंद पडत नाही, पण यापुढचे नव्या सहीने येतील, आणि ती ओळखणारी नवी प्रमाणपत्रं बोर्डावर असावी लागतील. ती विंडोजच्या अपडेटमधून किंवा बोर्डाच्या नव्या बायोसमधून येतात. बायोस अपडेट करण्याआधी बिटलॉकर थांबवून ठेवा. एफटीपीएम पुसला गेला तर पुन्हा तेच ४८ आकडे.

तो कागद मी कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्याला आतून चिकटपट्टीने लावतो: बिटलॉकरची की, कुठल्या खाचेत कुठली डिस्क, तिचा सिरियल नंबर, बसवल्याची तारीख. उबुंटूचा पासवर्ड मात्र त्यावर लिहायचा नाही. आणि बूट मेनूचं बटण घरातल्या सगळ्यांना सापडावं म्हणून आमच्याकडे एफ८ वर बायकोने लाल टिकली लावली आहे. उन्हाळ्यात ती गळून पडते, मग नवी लावायची.